छातीचा हार्ट रेट पट्टा सुरुवातीला २१० दाखवतो, मग १४० वर येतो. दोष पट्ट्याचा की हृदयाचा?

तुम्ही लिहिलंय की धावायला लागल्यावर पहिली आठ-दहा मिनिटं आकडा २०० च्या वर असतो, दम मात्र लागलेला नसतो. मग तो एकदम १४० वर येतो आणि शेवटपर्यंत नीट राहतो. अधूनमधून घड्याळाला पट्टा सापडतच नाही. नवीन पट्टा घ्यावा की डॉक्टरांकडे जावं, असं विचारलंय. वर्णनावरून मला दोष त्वचा आणि पट्टा यांच्यामधल्या कोरडेपणात दिसतो. तरी हृदयाचा प्रश्न अंदाजाने निकाली काढू नका, आधी हे करून बघा.

पुढच्या वेळी २०० दिसलं की थांबा आणि लगेच मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद नाडी मोजा, आकड्याला ४ ने गुणा. उशीर करू नका, कारण थांबल्यावर पहिल्या मिनिटातच ठोके भराभर उतरतात. हाताने १३० आले आणि पट्टा २०५ म्हणत असेल, तर पट्टा चुकतोय. हातालाही नाडी तितकीच वेगवान किंवा वेडीवाकडी लागली, चक्कर आली, छातीत धडधडलं, तर धावणं बंद करून डॉक्टरांना भेटा. छातीत दुखत असेल तर त्याच क्षणी मदत मागा. पेसमेकर असलेल्यांनी पट्टा बांधण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. हा पट्टा व्यायामासाठी आहे, निदानासाठी नाही.

आता सुरुवातीलाच गडबड का होते ते. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश टाकून रक्ताचा प्रवाह बघतं. छातीचा पट्टा प्रकाश वापरत नाही, तो हृदयाची वीज टिपतो. प्रत्येक ठोक्याला हृदयातून विजेची एक लाट जाते. छातीच्या त्वचेवर ती साधारण १ मिलिव्होल्ट भरते. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे दोन इलेक्ट्रोड, म्हणजे त्वचेवरून वीज टिपणारे भाग, त्यांच्यामधला विजेचा फरक पकडतात आणि पट्ट्यावर टिचबटणांनी अडकवलेला सेन्सर त्यातलं सर्वांत उंच टोक शोधतो. दोन टोकांमध्ये अर्धा सेकंद गेला तर १२०, ०.४ सेकंद गेला तर १५०, असा तो हिशेब.

त्वचेचा वरचा कोरडा थर वीज सहजी जाऊ देत नाही. घाम येईपर्यंत इलेक्ट्रोड छातीला टेकलेला दिसतो, पण विजेच्या दृष्टीने तो जवळपास हवेतच लटकलेला असतो. त्यात कोरड्या हवेत सैल पॉलिएस्टरचा टीशर्ट फडफडत घासला की हजारो व्होल्टची स्थिर वीज तयार होऊ शकते. १ मिलिव्होल्ट शोधणाऱ्या सेन्सरला तिचा प्रत्येक झटका ठोक्यासारखा दिसतो. तुमचे २१० बहुधा तिथूनच येतात. खारट घाम इलेक्ट्रोडखाली पसरला की सगळं शांत होतं, आणि तुमच्या वर्णनात नेमकं तेच घडतंय.

म्हणून घामाची वाट न बघता पट्टा आधीच ओला करा. बरेच जण ओलं बोट फिरवून मोकळे होतात, तेवढ्याने भागत नाही. पट्टा उलटा धरा. सेन्सरच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या पोताचे दोन लांबट भाग दिसतील, तेच इलेक्ट्रोड. त्यांच्यात पाणी नीट जिरवा, अगदी कडेपर्यंत, वर थेंब उभे राहतील इतकं. छातीवर पट्टा जिथे बसतो ती जागाही ओली करा. थंड, कोरड्या हवेत पाणी धावायला निघेपर्यंतच सुकतं. तेव्हा ईसीजी काढताना लावतात ती जेल उत्तम. काहीच नसेल तर थुंकीही चालते. त्या जागी क्रीम, तेल, सनस्क्रीन मात्र नको. पट्टा काचत असेल तर पेट्रोलियम जेली फक्त त्याच्या कडेला लावा, इलेक्ट्रोडखाली अजिबात नाही. जोडीला अंगाबरोबर बसणारा टीशर्ट घाला.

पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, मधल्या हाडावर सेन्सर येईल असा बांधावा. स्पोर्ट्स ब्रा असेल तर तिच्या खालच्या पट्टीखाली. खोल श्वास घेता यावा, पण उडी मारल्यावर पट्टा घसरू नये. छातीवर केस दाट असतील किंवा मधोमध खोलगट भाग असेल, तर सेन्सर थोडा डावीकडे सरकवून बघा. काहींना त्याने लगेच फरक पडतो.

धावून आल्यावर ग्राफ उघडायची सवय लावा, मला तो सरासरीपेक्षा जास्त उपयोगी वाटतो. सुरुवातीलाच उंच सुळके आणि मग शांत रेषा म्हणजे कोरडेपणा. पूर्ण वेळ करवतीच्या दात्यांसारखी रेषा म्हणजे सैल किंवा झिजलेला पट्टा. आकडा मधूनच निम्मा होत असेल तर ठोके सुटताहेत. बराच वेळ एकाच आकड्यावर सपाट रेषा असेल तर बहुतेक वेळा जोडणी तुटलेली असते आणि घड्याळ शेवटचा आकडाच धरून बसलेलं असतं. मनगटाच्या घड्याळाशी तुलना करताना एक ध्यानात ठेवा: ते कधी कधी ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतं. धावताना मनगटावर १७० दिसले, तर ती मिनिटाला पडणारी पावलंही असू शकतात.

पट्टे खराब होतात ते मुख्यतः न धुतल्यामुळे. घाम वाळला की मीठ कापडात आणि इलेक्ट्रोडवर साचतं आणि वीज वाहून नेणारा थर हळूहळू निकामी होतो. प्रत्येक वेळी सेन्सर काढून पट्टा साध्या पाण्याखाली धरा, आणि अधूनमधून सौम्य साबणाने हाताने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर आणि ब्लीच टाळा, ड्रायरमध्ये घालू नका, पिळू नका. टिचबटणंही बघा. त्यांच्या खाचेत हिरवट किंवा पांढरी पूड साचली असेल, तर जुन्या मऊ टूथब्रशने घासून काढा आणि कोरडं पुसा. ओल्या पट्ट्यावर सेन्सर तसाच अडकवून ठेवू नका. दोन टिचबटणं ओल्या कापडातून जोडलेली राहिली की सेन्सरला वाटतं पट्टा अंगावर आहे, आणि तो जागा राहून सेल संपवतो.

घड्याळाला पट्टा न सापडण्याचं कारण तिथेही असू शकतं. अनेक सेन्सरमध्ये सीआर२०३२ किंवा सीआर२०२५ हा ३ व्होल्टचा बटण सेल असतो. तो मरायला टेकला की जोडणी वारंवार तुटते. बदलताना रबरी रिंग खाचेत नीट बसवा, नाहीतर घाम आत शिरेल. सेल नवा असूनही अडत असेल तर तो काढून अर्धा मिनिट थांबा, मग परत घाला.

त्याहून जास्त वेळा मात्र अडचण फोनची असते. ब्लूटूथवर बरेच जुने सेन्सर एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात. खिशातल्या फोनवरच्या ॲपने पट्टा आधीच धरला असेल तर घड्याळाला तो दिसणारच नाही. ॲप पूर्ण बंद करा, फोनच्या ब्लूटूथ यादीत पट्टा पेअर केलेला असेल तर काढून टाका, आणि पट्टा अंगावर ओला बांधलेला असतानाच घड्याळात शोधा. कोरड्या पट्ट्यावरचा सेन्सर झोपलेलाच असतो. पट्टा आणि घड्याळ दोघांकडे अँट प्लस ही ब्लूटूथसारखीच दुसरी बिनतारी सोय असेल तर घड्याळ त्यावर जोडा, त्यात एकच सिग्नल अनेक यंत्रं घेऊ शकतात. पोहताना जोडणी तुटते तो बिघाड नाही. ब्लूटूथ आणि अँट प्लस दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि ती लहर पाण्यातून जेमतेम काही सेंटिमीटर जाते.

एवढं करूनही सुळके राहिले तर सगळा संच टाकून देऊ नका. एखाद्या मित्राचा त्याच कंपनीचा पट्टा मागून घ्या आणि त्यावर तुमचा सेन्सर लावून धावा. ग्राफ सुधारला तर फक्त पट्टा नवा घ्या, बऱ्याच कंपन्या तो सुटा विकतात. नाही सुधारला तर सेन्सर बदलायला हवा.