तुमचे प्रश्न : तार टाकावी की वायफाय पुरेल?

प्रश्न : राउटर दारापाशी आणि हाय-फाय आतल्या खोलीत आहे. गाण्यांच्या फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी केलेल्या) फाइल लॅपटॉपवर असतात, स्ट्रीमर (नेटवर्कवरून गाणी घेऊन हाय-फायला देणारी डबी) त्या वायफायवरून वाजवतो. दुपारी सगळं सुरळीत, पण रात्री नऊनंतर जास्त दर्जाच्या, २४ बिटच्या फाइल अडखळतात. नेटचा प्लॅन १०० एमबीपीएसवरून ३०० वर नेला, तरी तेच. भिंत फोडून केबल टाकावी का? (कोथरूड, पुणे)

उत्तर : वाढवलेला प्लॅन खुशाल कमी करा. तुमची गाणी इंटरनेटवर जातच नाहीत, ती लॅपटॉपकडून राउटरकडे आणि तिथून स्ट्रीमरकडे, घरातल्या घरात फिरतात. खरी अडचण अशी की हे दोन्ही टप्पे वायफायचे आहेत, म्हणजे एकच गाणं हवेतून दोनदा जातं. सीडीच्या दर्जाच्या आवाजाला कॉम्प्रेस न करता सेकंदाला १.४ मेगाबिट लागतात, २४ बिट/१९२ किलोहर्ट्झला ९.२. फ्लॅकमध्ये याहून कमीच. आकडे किरकोळ आहेत, पण रात्री अख्ख्या बिल्डिंगचे राउटर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर गर्दी करतात तेव्हा तेवढीही वाट सलग मोकळी मिळत नाही.

म्हणून आधी लॅपटॉप राउटरजवळ ठेवून लॅन केबलने जोडा. हवेतला निम्मा भार तिथेच उतरतो आणि अनेक घरांत एवढ्यावरच भागतं. स्ट्रीमरला यूएसबी पोर्ट असेल तर त्याहून सोपं : गाण्यांची हार्ड डिस्क थेट त्यालाच लावा.

तरीही अडखळलं तर केबल टाका, पण भिंत फोडायची गरज नाही. स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टीतून कॅट ६ प्रकारची लॅन केबल नेली की झालं. १०० मीटरपर्यंत ती गिगाबिट वेग देते, तुम्हाला फार तर २० मीटर लागेल. घेताना पूर्ण तांब्याचीच मागा. स्वस्त केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती वाकवताना तुटते आणि क्रिंपिंगही (टोकाला दाबून बसवलेला प्लग) धड टिकत नाही. ब्लेडने तार खरवडली आणि आतून चंदेरी निघाली तर परत करा. विजेच्या २३० व्होल्टच्या वायरी असलेल्या पाइपमधून लॅन केबल नेऊ नका, इलेक्ट्रिशियन कितीही म्हणाला तरी. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोडल्यावर राउटरच्या पानावर १००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसलं, तर बहुधा एखादी जोडी नीट बसलेली नाही. संगीताला १०० सुद्धा भरपूर, पण सैल क्रिंपिंग पुढे दगा देतं. ते तेव्हाच कापून नवं करा.

केबल अशक्यच असेल तर स्ट्रीमर ५ गिगाहर्ट्झवर घ्या. त्या बँडला वेगळं नाव द्या, म्हणजे तो गुपचूप २.४ वर घसरणार नाही. एक मात्र तपासा : रास्पबेरी पाय (स्ट्रीमर म्हणूनही वापरतात तो छोटा कॉम्प्युटर) ३ बी फक्त २.४ वर चालतो, ३ बी प्लस आणि ४ दोन्हींवर. पाय धातूच्या डबीत बसवला असेल तर वायफाय तिथेच गुदमरतं. २.४ वरच राहावं लागलं तर चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी सर्वांत मोकळा निवडा आणि रुंदी ‘ऑटो’ न ठेवता २० मेगाहर्ट्झ करा. राउटर लोखंडी कपाटामागे किंवा मायक्रोवेव्हशेजारी नको.

प्रश्न : रेंज मिळावी म्हणून जुना राउटर दुसऱ्या खोलीत केबलने जोडला. आता नेट छान चालतं, पण फोनमधल्या अ‍ॅपला स्ट्रीमर सापडत नाही. (नाशिक)

उत्तर : घरात दोन वेगळी नेटवर्क झाली आहेत. फोनचा आणि स्ट्रीमरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पाहा. एक १९२.१६८.१.२५ आणि दुसरा १९२.१६८.०.१० असा काही फरक दिसेल. डीएलएनए (घरातल्या उपकरणांनी एकमेकांची गाणी वाजवण्याची पद्धत) वापरणारं अ‍ॅप २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर हाक मारून उपकरणं शोधतं आणि ती हाक राउटर ओलांडत नाही. नेटला दोन्हीकडून वाट आहे, म्हणून यूट्यूब चालतं आणि स्ट्रीमर मात्र दिसत नाही.

जुन्या राउटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोड असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर मुख्य राउटरपासून त्याची केबल काढा, तो एकट्या लॅपटॉपला जोडा आणि त्याचा पत्ता मुख्य राउटरच्या मालिकेतला, पण इतर कुणाला वाटला न जाणारा द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. मग त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा. शेवटी मुख्य राउटरची केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) नव्हे, लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टमध्ये घाला. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

एवढं करूनही सापडला नाही तर फोन गेस्ट वायफायवर आहे का, ‘एपी आयसोलेशन’ (वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) चालू आहे का आणि फोनमध्ये व्हीपीएन सुरू आहे का, हे पाहा. आधी दिसून काही मिनिटांनी नाहीसा होत असेल, तर राउटरमधलं ‘आयजीएमपी स्नूपिंग’ (अशी हाक कुणाकडे पोचवायची ते ठरवणारी सेटिंग) बंद करून बघा.

प्रश्न : हाय-फायसाठी खास १५,००० रुपयांची लॅन केबल घेतली तर आवाज खुलतो का? (पणजी)

उत्तर : नाही. वाटेत हरवलेला तुकडा स्ट्रीमर पुन्हा मागवतो आणि वाजवण्याआधी पुढचा भाग मेमरीत साठवतो. केबल खराब असेल तर गाणं थांबेल, आवाज मंद किंवा गोड होणार नाही. त्या पैशात स्पीकरचे स्टँड घ्या. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे आले की फरक शेजाऱ्यालाही कळेल.

प्रश्न : लॅपटॉप, यूएसबी डॅक (डिजिटल गाण्याचं अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी), अ‍ॅम्प्लिफायर असं जोडलं आहे. चार्जर लावला की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो. (कोल्हापूर)

उत्तर : हा ग्राउंड लूप. लॅपटॉपच्या चार्जरचं अर्थिंग आणि अ‍ॅम्प्लिफायरचं अर्थिंग यूएसबी आणि आरसीए (डॅककडून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणाऱ्या) तारांतून एकमेकांना भेटतं आणि त्या वळशात गुणगुण शिरते. चार्जर व अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून पाहा. सेट-टॉप बॉक्सही त्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडला असेल तर त्याची डिशची किंवा केबलची तार क्षणभर काढा. आवाज थांबला तर दोष तिथला. डॅकऐवजी लॅनवरचा स्ट्रीमर घेतलात तर लॅपटॉप या साखळीतून बाहेरच पडतो, कारण लॅन पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असल्याने साध्या, बिनशिल्डच्या (आत धातूचं आवरण नसलेल्या) केबलमधून ग्राउंड पुढे जात नाही. धातूच्या प्लगची शिल्डेड केबल लावली तर मात्र तोच लूप पुन्हा तयार होऊ शकतो. आणि घूं घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन कापण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत कधी फॉल्ट झाला तर त्याच्या धातूच्या डब्यात २३० व्होल्ट उतरतील.