रांग, भूत आणि खोटी उंची
वाचकांचे प्रश्न: थीम पार्कची रचना

सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. लांबलचक पत्रांतला मुद्दा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न: डिस्नेलँडचा किल्ला फोटोत प्रचंड वाटतो, पण उंचीचा आकडा वाचला तर तो अगदीच मामुली. डोळा नेमका कुठे फसतो?

उत्तर: कॅलिफोर्नियातला १९५५ चा किल्ला जेमतेम ७७ फुटांचा आहे. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमधला १९७१ चा किल्ला १८९ फुटांचा. युक्ती मात्र दोन्हीकडे एकच: वर जाईल तसं सगळं आकाराने लहान होत जातं. खालचे दगड मोठे, वरचे छोटे. वरच्या खिडक्या आणि मनोरेही त्याच बेताने आक्रसलेले. सगळे दगड एकाच मापाचे असणार असं डोळा गृहीत धरतो, त्यामुळे वरचे छोटे दगड त्याला लांबचे वाटतात आणि भिंत उंच होते. पार्कच्या प्रवेशाजवळच्या दुकानांच्या रस्त्यावरही हेच आहे. तळमजला जवळपास खऱ्या मापाचा, कारण त्याच्या दारातून माणसं आत जातात. वरचे मजले कमी कमी उंचीचे.

हे करायला सोपं आहे, टिकवायला अवघड. पहिला शत्रू म्हणजे संरक्षक कठडा. त्याची उंची सुरक्षेच्या नियमाने ठरते, ती लहान करता येत नाही. वरच्या मजल्यावर खऱ्या मापाचा कठडा दिसला की माप कळलंच. म्हणून दुरुस्तीवाल्यांची ये-जा कंगोऱ्यांमागून ठेवतात. दुसरा शत्रू झाडं. उद्घाटनाच्या दिवशी बेतात असलेलं झाड पंधरा-वीस वर्षांत मनोऱ्याच्या खांद्याला लागतं आणि किल्ला खेळण्यासारखा दिसू लागतो. लावतानाच सावकाश वाढणाऱ्या, बारीक पानांच्या जाती निवडाव्या लागतात आणि छाटणी कायमची मागे लागते. तिसरी गोष्ट जागेची. हा भास समोरून, ठरावीक अंतरावरून जमतो, पायथ्याशी उभं राहून नाही. म्हणून आराखड्याचं मॉडेल वरून बघण्यात काही अर्थ नसतो, त्यात मोठ्या माणसाच्या (साधारण १.६ मीटर) आणि लहान मुलाच्या (१.१ मीटर) डोळ्याच्या उंचीवर कॅमेरा ठेवून बघतात.

उंचीचं आणखी एक कारण सरकारी आहे. अमेरिकेत २०० फुटांच्या वर गेलेल्या बांधकामावर विमानांसाठी इशारादिवा लावावा लागतो. हिमालयाच्या शिखरावर किंवा जुन्या हॉटेलच्या गच्चीवर लाल दिवा लुकलुकला तर गोष्टच संपली. म्हणून फ्लोरिडातली ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ ही रोलर कोस्टर १९९.५ फुटांवर थांबते आणि ‘टॉवर ऑफ टेरर’ ही राईड १९९ फुटांवर. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये तर झाडांच्या शेंड्यांच्या वर काही जाऊ देत नाहीत. तिथे १९९४ च्या ‘नेमेसिस’ या रोलर कोस्टरसाठी खडक फोडून खड्डा केला आणि रूळ त्यात उतरवले. अडचण पथ्यावर पडली: कानाजवळून कातळ गेला की तोच वेग मोकळ्या आकाशातल्यापेक्षा कितीतरी जास्त वाटतो.

प्रश्न: काचेवर दिसणारं पारदर्शक भूत आम्ही नाटकासाठी करून पाहिलं. एकदा अंधुक दिसलं, एकदा दोन-दोन दिसली. काय चुकलं असेल?

उत्तर: ही युक्ती जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ मध्ये लंडनमध्ये गाजवली, आणि डिस्नेलँडमधल्या १९६९ च्या ‘हाँटेड मॅन्शन’ या भुताच्या वाड्याच्या राईडमधल्या नाचाच्या दालनात ती आजही चालते. प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये काच असते. भुताचा पुतळा प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी, काळ्या मखमलीपुढे उभा. त्याचं काचेतलं प्रतिबिंब म्हणजे भूत. काचेपासून पुतळा जितका दूर, काचेच्या पलीकडे भूत तितकंच आत दिसतं. त्याला खुर्चीवर बसवायचं असेल तर ही दोन अंतरं टेपने मोजून जुळवा. अंदाजाने केलं तर भूत खुर्चीच्या पुढे तरंगतं.

अंधुकपणाचं कारण सरळ आहे. साधी काच ४५ अंशांच्या कोनात जेमतेम दहावा हिस्सा प्रकाश परत पाठवते. रंगमंचाइतकाच उजेड पुतळ्यावर टाकलात तर भूत त्याच्या एक दशांश उजळ होणार. पुतळ्यावर निदान दहापट प्रकाश हवा, किंवा रंगमंच तितका मंद करायला हवा. दुसरा मार्ग बरा, कारण जास्त उजेडात काचेवरची धूळ आणि बोटांचे ठसे चमकतात.

दोन भुतं दिसली ती काचेच्या दोन पृष्ठभागांमुळे. दोन्हीकडून प्रतिबिंब येतं. १२ मिलिमीटर जाडीच्या काचेत ४५ अंशांवर ती दोन प्रतिबिंबं सुमारे ९ मिलिमीटरने सरकलेली असतात. लांबून ते खपतं. पहिली रांग दोन मीटरवर असेल तर मुळीच नाही. पातळ काच घ्या किंवा चौकटीवर घट्ट ताणलेला पारदर्शक फिल्मचा पडदा लावा, फक्त त्यावर एकही सुरकुती चालत नाही. चौकट भक्कम ठेवा. काच एक अंश हलली की प्रतिबिंब दोन अंशांनी फिरतं, म्हणजे पाच मीटरवर तब्बल १७ सेंटिमीटर.

आणि प्रतिबिंब उलटं असतं हे विसरू नका. ‘हाँटेड मॅन्शन’च्या त्या दालनात जोडप्यांमधल्या स्त्रियाच पुरुषांना नाचवताना दिसतात, ते याच विसरभोळेपणामुळे.

प्रश्न: त्याच भुताच्या वाड्यात भिंती ‘लांब होणारी’ खोली आहे. तिचा कथेशी संबंध काय?

उत्तर: कथा नंतर आली, गरज आधी. कॅलिफोर्नियाच्या पार्कभोवती मातीचा उंच बांध आहे आणि त्यावरून छोटी रेल्वे धावते. बांधामुळे बाहेरचं जग दिसत नाही. पण आतली जागा तुटपुंजी, आणि राईडची खरी इमारत म्हणजे एक अवाढव्य, बिनखिडक्यांची गोदामवजा शेड. ती बांधाच्या बाहेर ठेवली. मग पाहुण्यांना रुळांखालून पलीकडे न्यायचं कसं? जमिनीखाली उतरवून. ती खोली म्हणजे खरं तर छत नसलेली लिफ्ट आहे. तुम्ही खाली जाता, भिंतींचा झाकलेला भाग उघडा पडत जातो आणि चित्रं लांबतात. उतरल्यावर चित्रं लावलेल्या बोळातून रुळांखालून शेडमध्ये. फ्लोरिडात जागेची अडचण नव्हती, पण खोली सगळ्यांना आवडलेली. तिथे जमीन जागच्या जागी राहते आणि छत वर जातं.

तिथल्याच १९६७ च्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या राईडमधली नावेची घसरगुंडीही अशीच रुळांखालून जाण्यासाठी आहे. शेवटी नाव चढावरून परत वर येते, ती काही चाचेगिरीची गरज नव्हे.

मागच्या बाजूला डोकावणाऱ्या शेडना मळकट हिरवा-राखाडी रंग देतात. तो मुद्दाम नीरस असतो, नजर त्यावरून घसरून पुढे जावी म्हणून.

प्रश्न: आम्ही विद्यार्थ्यांनी ३० मीटर रुळांची छोटी डार्क राईड (अंधाऱ्या दालनांतून गाडीत बसून देखावे बघायची राईड) केली. गाडीचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, सहा देखावे, प्रत्येकात निवेदकाची सुमारे ४० शब्दांची गोष्ट. दर १५ सेकंदांनी गाडी सुटते. बाहेर आलेल्यांना कथा कळलीच नाही. का?

उत्तर: आधी घड्याळ लावू. ३० मीटरला अर्ध्या मीटरच्या वेगाने ६० सेकंद, म्हणजे एका देखाव्याला १०. त्यातली तीनेक सेकंदं वळणात आणि डोळे नव्या उजेडाला सरावण्यात जातात. उरली सात. मराठीत स्पष्ट बोलायचं तर सेकंदाला दोन, फार तर अडीच शब्द. चाळीस शब्दांना १६ ते २० सेकंद लागतात. तुमचा निवेदक दुसऱ्या देखाव्यात पहिल्याची गोष्ट सांगत होता.

देखावे तीन करा. मग प्रत्येकाला २० सेकंद मिळतात, हाती १५-१७ उरतात. प्रत्येकात एकच घटना ठेवा, आणि आवाज बंद केला तरी ती कळली पाहिजे. ही चाचणी खरोखर घ्या: आवाज बंद करून कथा माहीत नसलेल्या चौघांना फिरवा आणि प्रत्येक देखाव्यात काय घडलं ते विचारा. चौघांनी चार उत्तरं दिली तर संवाद वाढवू नका, देखावा बदला. जिन्यावर सांडलेला कंदील आणि उघडी खिडकी दिसली की कोणीतरी पळालं हे कळतं. त्याला वाक्य कशाला?

दुसरी चूक ध्वनीच्या पट्टीची आहे. ती सतत फिरत असेल तर प्रत्येक गाडी तिच्या वेगळ्याच ठिकाणी पोचते आणि अर्ध्यांना वाक्याची शेपटीच ऐकू येते. एक उपाय म्हणजे गाडीतच स्पीकर बसवणं आणि देखाव्याच्या तोंडाशी प्रकाशकिरणाचा सेन्सर ठेवून आवाज तिथे सुरू करणं. दुसरा उपाय स्वस्त आणि माझ्या मते जास्त चांगला: चार-पाच शब्दांची अशी वाक्यं लिहा की कोणतंही आधी ऐकलं तरी चालेल. “दार लाव!” “तो परत आलाय!” “दिवा कुठंय?” सतत फिरणाऱ्या साखळीतल्या मोठ्या राईड्स याच पद्धतीने लिहिलेल्या असतात. तिथे दर काही सेकंदांनी नवी गाडी समोर येते, त्यामुळे संवादाला सुरुवात आणि शेवट असून भागत नाही.

उजेडाचंही बघा. नजर आधी सर्वांत उजळ गोष्टीकडे जाते, मग हलणाऱ्या, मग चेहऱ्याकडे. तुमच्या देखाव्यात सर्वांत उजळ वस्तू बाहेर जाण्याच्या मार्गाची पाटी असेल तर लोक पाटीच बघणार. पाटी काढता येत नाही, पण गाडीची दिशा वळवता येते. ‘हाँटेड मॅन्शन’च्या गाड्या हव्या तिकडे तोंड फिरवतात आणि त्यांच्या उंच पाठी पुढची-मागची गाडी झाकतात, ते याचसाठी. शेजारच्या देखाव्याचा आवाज झिरपत असेल तर स्पीकर आडवा न लावता डोक्यावरून खाली तोंड करून लावा आणि मध्ये सरळ बोळाऐवजी एक काटकोनी वळण ठेवा.

प्रश्न: रांगेच्या फलकावर ४५ मिनिटं लिहिलेली असतात आणि नंबर अर्ध्या तासात लागतो. मुद्दाम?

उत्तर: बऱ्याचदा हो. लवकर नंबर लागलेला माणूस खूश असतो, पाच मिनिटं उशीर झालेला भांडतो. शिवाय मोठा आकडा बघून काहीजण दुसरीकडे वळतात आणि गर्दी पांगते.

पण रांगेची लांबी ठरते फलाटावर. २४ आसनांची गाडी मिनिटाला एक सुटली तर तासाला १,४४० जण. प्रत्येक वेळी फक्त १५ सेकंद उशीर झाला तर तासाला ४८ गाड्या, १,१५२ जण. रांगेत ७२० लोक असतील तर अर्ध्या तासाची साडेसदतीस मिनिटं झाली. हे १५ सेकंद खातं कोण? पाठीवरची सॅक कुठे ठेवायची हा गोंधळ, पट्टा दोनदा तपासणं, “आम्ही तिघं एकत्रच बसणार”. म्हणून सामानाचे कप्पे पलीकडच्या फलाटावर असतात, ओळी आधीच पाडतात आणि एकट्यांची वेगळी रांग रिकामी आसनं भरते. उशीर झाला की मागची गाडी स्टेशनबाहेर ब्रेकवर थांबते, कारण रुळांचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी राहू शकते. त्यामुळे दोन गाड्या चालवायला किमान तीन भाग लागतात.

रांगेतल्या पूर्वरंगाच्या खोलीचाही हिशेब असतो. राईड मिनिटाला २० जण घेते आणि खोलीचा फेरा चार मिनिटांचा आहे (भरायला एक, कार्यक्रम दोन, रिकामी व्हायला एक) असं धरा. मग खोली ८० जणांची हवी. ४० जणांचीच असेल तर दोन खोल्या दोन-दोन मिनिटांच्या फरकाने चालवायच्या, नाहीतर राईड उपाशी राहते. भुताच्या वाड्यात त्या लांबणाऱ्या खोल्या एकाऐवजी दोन आहेत, त्या यासाठीच.

डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिताना मांडलं की रिकामा वेळ गुंतलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. मात्र गुंतवताना एक पथ्य असतं: ज्या वस्तूपाशी लोक थांबून राहतील अशी वस्तू रांगेत ठेवायची नाही. बटणांचा खेळ भिंतीवर एका जागी असेल तर पुढे मोकळी जागा पडते आणि मागचे करवादतात. तोच खेळ दोन-तीन पावलांच्या अंतराने तुकड्यातुकड्यात हवा.

प्रश्न: फ्लोरिडाच्या पार्कखाली भुयारं आहेत हे खरं का?

उत्तर: भुयारं म्हणण्यापेक्षा तळमजला म्हणा. तिथे जमिनीतलं पाणी फार वर आहे, खोल खणता येत नाही. म्हणून बोगदे जमिनीच्या पातळीवर बांधले, शेजारचं तळं खणताना निघालेली माती भोवती भरली आणि पार्क वरच्या मजल्यावर उभं केलं. पोशाख, माल, केबल आणि हवेच्या दाबाने कचरा ओढणारे नळ सगळं खाली. काउबॉयच्या वेशातला माणूस भविष्यनगरीतून चालत गेलेला दिसू नये, हा हेतू.

प्रश्न: हलणारे पुतळे सारखे बिघडतात. मोठ्या पार्कमध्ये काय करतात?

उत्तर: त्यांचेही बिघडतात. ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’ २००६ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातला प्रचंड यती काही काळातच हलायचा थांबला. त्यावर लुकलुकणारा झगझगीत दिवा लावला, म्हणजे धावत्या गाडीतून तो हलल्यासारखा वाटतो. अशा पर्यायाला या धंद्यात ‘बी मोड’ म्हणतात आणि तो बिघाड झाल्यावर शोधायचा नसतो, आराखड्यातच लिहायचा असतो. पुतळ्याचा हात अडकला तर कोणता दिवा विझवायचा, कोणता संवाद बंद करायचा आणि किती बिघाडांनंतर राईड थांबवायची, हे प्रत्येक देखाव्यासाठी ठरवा.

बिघाड मुख्यतः तीन ठिकाणी होतो. सांध्याजवळ सतत वाकणारी वायर तुटते, कातडं कोपर-मानेशी फाटतं, आणि हायड्रॉलिक तेल झिरपून कपड्यांवर उतरतं. वायरला सांध्यापाशी ढिला वेढा ठेवा. कपडे मागून उघडतील असे शिवा, डोक्यावरून घालायचे नकोत. आणि देखाव्याच्या मागच्या भिंतीत दार ठेवताना पुतळ्याचा सर्वांत मोठा सुटा भाग मोजून ठेवा. तो त्या दारातून निघत नसेल तर दुरुस्तीसाठी आधी भिंत फोडावी लागेल.