साऊंड आर्टिस्ट दिवसभर काय करतात, त्यावर पोट भरतं का, आणि रेकॉर्डिंगमधला आजूबाजूचा गोंगाट साफ कसा करायचा?

तुम्ही इंजिनिअर आहात, नोकरी सोडून या क्षेत्रात यायचं म्हणताय आणि माईक कोणता घ्यावा तेही विचारलंय. त्या सगळ्याची उत्तरं देते. पण खरं सांगायचं तर तुमची शेवटची ओळ वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. ‘आजूबाजूचा गोंगाट’ या दोन शब्दांवरून माझं एका माणसाशी जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

आधी दिवसाचं. साऊंड आर्टिस्ट म्हणजे आवाज टिपून त्यातूनच कलाकृती करणारा माणूस. बराचसा दिवस खुर्चीत जातो. एक तास रेकॉर्ड केलं की ते ऐकायला, नीट नाव द्यायला, कुठे काय आहे ते वहीत उतरवायला चार-पाच तास लागतात. चांगल्या प्रतीचं रेकॉर्डिंग, म्हणजे ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ धरलं तर ताशी साधारण २ जीबी. म्हणजे हार्ड डिस्क विकत घेणं हा कायमचा खर्च. बाहेर जायचं ते पहाटे, चार ते साडेपाच, वाहनं आणि भोंगे सुरू व्हायच्या आत. कोकणातल्या खाडीत हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माईक, सोडला की लाह्या फुटाव्यात तसा सतत तडतडाट ऐकू येतो. ती एका जातीची कोळंबी असते, नांगी मिटताना आवाज करते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वायर तुटली असं समजून मी तीनदा कनेक्टर बदलला होता. पावसाळ्यात साधे कंडेन्सर माईक दमट हवेने चरचरायला लागतात, म्हणून ते सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे लागतात. विमानतळावर प्रत्येक वेळी बॅग उघडतात. घरी जोडलेल्या वायरी आणि पितळी चकत्या एक्स-रेमध्ये चांगल्या दिसत नाहीत. मी आता प्रत्येक वस्तूवर मराठी आणि इंग्रजीत चिठ्ठी चिकटवते आणि एक तास आधी पोचते.

पोट भरतं. पण निव्वळ कलेवर नाही. माझं घर चालतं ते माहितीपटांच्या लोकेशन साऊंडवर, म्हणजे चित्रीकरणाच्या जागी आवाज टिपण्यावर, आणि एका कॉलेजात तास घेते त्यावर. वर्षाकाठी एखादं प्रदर्शन, दोन-तीन वर्षांतून एखादी परदेशातली रेसिडेन्सी, म्हणजे एखाद्या संस्थेत राहून काम करायचं आमंत्रण. तिथे राहण्याजेवण्याचं भागतं, शिल्लक काही पडत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत नसेल तर राजीनामा देऊ नका.

आता गोंगाटाचं.

२०१७ साली एका प्रदर्शनासाठी मला पुण्याच्या हस्तकलांवर ध्वनिरचना करायची होती. मी कसबा पेठेतली तांबट आळी निवडली. पेशवाईत कोकणातून येऊन इथे वसलेल्या त्वष्टा कासारांची ही आळी. बंब, हंडे, घंगाळी इथे हाताने ठोकून घडतात. मठारकाम बघितलं असेल तुम्ही, तांब्यावर ओळीने उमटलेले चकचकीत ठसे. ती नुसती नक्षी नव्हे. त्या घावांनी पत्रा घट्ट होतो, भांड्याला बळ येतं. ठोकणारा प्रत्येक घावानंतर भांडं बोटभर फिरवतो आणि पुढचा घाव आधीच्या घावाला खेटून घालतो.

ज्या काकांच्या कारखान्यात मी बसायचे त्यांना चाळीस वर्षांच्या ठोकणीने ऐकू कमी यायचं. बोलताना ते माझ्या तोंडाकडे बघायचे. पण ठोकून घट्ट झालेला पत्रा नरम करायला कधी तापवायला घ्यायचा हे त्यांना बरोबर कळायचं. ‘हाताला लागतं बाळ, आवाज हातातून येतो,’ एवढंच सांगायचे. म्हणून मी हवेतल्या माईकबरोबर एक पिएझो चकतीही वापरली. ही हवेतला आवाज नाही, ज्याला चिकटवाल त्याची थरथर पकडते. भांडं ज्या लोखंडी दांडीवर टेकवून ठोकतात तिला ती मेणाने चिकटवली. त्यामुळे हेडफोनमध्ये येत होतं ते हवेतून नाही, लोखंडातून आणि जमिनीतून.

अकरा दिवस गेले. शेवटच्या दिवशीचा ४७ मिनिटांचा एक सलग तुकडा मी निवडला. त्यात हातोडा आहे, वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्ट्या आहेत, रस्त्यावरच्या बसची घरघर आहे. एकतिसाव्या मिनिटाला आळीत एक स्कूटर शिरते, दोनदा हॉर्न वाजतो आणि हातोडा थांबतो. जवळजवळ पन्नास सेकंद ठोकणी नाही. जेवणाचा डबा खाली ठेवल्याचा आवाज, दोन शब्द, स्कूटर निघून जाते, हातोडा पुन्हा सुरू.

प्रदर्शनाच्या संयोजकांनी हे ऐकलं आणि म्हणाले, ‘हातोडा अप्रतिम. बाकीचा कचरा काढून टाका. लोकांना परंपरा ऐकायचीय, ट्रॅफिक नाही.’

तांत्रिकदृष्ट्या ते सोपं होतं. आयझोटोप आरएक्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचं चित्र दिसतं. हातोड्याचा घाव म्हणजे उभी रेघ, हॉर्न म्हणजे एकावर एक आडव्या पट्ट्या. आडव्या पट्ट्या निवडायच्या, पुसायच्या. अर्ध्या तासाचं काम. मी नकार दिला. हॉर्न काढला तर हातोडा का थांबला ते कळणारच नाही, हे त्यांना तीनदा सांगितलं. त्यावर ते म्हणाले, ‘मग ती शांतताही काढा.’

मी नाही काढली. त्यांनी दुसऱ्या कोणाकडून काढून घेतली. उद्घाटनाला गेले तर चार मिनिटांचा लूप चालू होता आणि खाली माझं नाव. एक माणूस चार मिनिटं दम न घेता ठोकतो आणि मग परत पहिल्यापासून ठोकायला लागतो. कुकर नाही, डबा आणणारा मुलगा नाही, जेवण नाही. मी नावाची पाटी काढून पिशवीत टाकली. ठरलेल्या ३५ हजारांपैकी आगाऊ मिळालेले १० हजार तेवढे हाती राहिले.

महिन्याभराने काकांकडे गेले. त्यांच्याच एका घंगाळाला बाहेरून एक्सायटर चिकटवला. हा म्हणजे कागदी पडदा नसलेला स्पीकर, ज्याला चिकटवाल ते थरथरवतो. त्यातून ४७ मिनिटं पूर्ण वाजवली. काकांनी घंगाळाच्या काठावर तळवा टेकवला आणि डोळे मिटले. पाच-सहा मिनिटांनी म्हणाले, ‘हा घाव माझा नाही.’

कुठला, मी विचारलं. तर म्हणाले, ‘माझ्या घावामागून येतो तो. पलीकडच्याचा आहे. तो डावखुरा आहे, त्याचा घाव तिरका बसतो.’

हे ऐकून मला धस्स झालं, कारण तो मागून येणारा ठोका मी प्रतिध्वनी समजले होते. ज्याने साफसफाई केली त्यानेही तेच समजून तो पुसला होता. तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हीच हिशोब करा. तो ठोका पाव सेकंदाने मागून येत होता. ध्वनीचा हवेतला वेग सेकंदाला ३४३ मीटर. म्हणजे प्रतिध्वनी असता तर भिंत ४३ मीटर लांब हवी. त्या आळीत समोरची भिंत जेमतेम चार मीटरवर! शिवाय अंतर दर वेळी थोडं बदलत होतं, प्रतिध्वनीचं बदलत नाही. मला हे कळायला हवं होतं. इतकी वर्षं कान लावून बसते आणि शेजारी दुसरा माणूस काम करतोय हे माझ्या लक्षात आलं नाही. तो आवाज जमिनीतून माझ्या चकतीपर्यंत पोचत होता.

एकतिसाव्या मिनिटाला स्कूटर आली तेव्हा काका हसले. मुलगा डबा घेऊन आलेला. तळव्याला हॉर्न लागला असेल की हातोडा थांबल्याचं लागलं असेल, मी विचारलं नाही.

पलीकडचा कारखाना आता बंद आहे. त्या डावखुऱ्या हाताचा आवाज माझ्या ‘कचऱ्यात’ आहे, प्रदर्शनाच्या स्वच्छ लूपमध्ये नाही.

संयोजक शिकलेले होते, त्यांनी मला प्येर शेफेर या फ्रेंच संगीतकाराचा दाखला दिला होता. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओत त्याने बातिन्योल स्टेशनवरच्या आगगाडीच्या इंजिनांचे आवाज कापून-जोडून रचना केली आणि पुढे असं मांडलं की आवाज त्याच्या कारणापासून तोडून, निव्वळ आवाज म्हणून ऐकावा. मोठा माणूस, वाद नाही. पण शेफेरने आगगाडीला परंपरा म्हणून विकलं नव्हतं. कारण तोडायचं आणि वर ‘तांबट आळी’ अशी पाटी लावायची, या दोन गोष्टी एकत्र चालत नाहीत. मला सत्तरच्या दशकात व्हँकुव्हरमध्ये मरी शेफर हा कॅनडाचा संगीतकार आणि त्याच्या सोबत्यांनी केलेलं काम जवळचं वाटतं. एखाद्या गावाचा सगळा आवाज, घंटा, कारखाना, भोंगे, त्या गावाचा म्हणून ऐकायचा. आणि ‘आपल्याकडे हे प्रकार कुठे होते’ असं जे संयोजक म्हणाले, तेही चूक. १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, मूग सिंथेसायझर (विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) आणि टेप मशीन असलेला स्टुडिओ डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या मदतीने उभा राहिला होता. तिथे भारतीयांनी टेपवर रचना केल्या. त्यात बाहेर जाऊन टिपलेले आवाजही होते. त्याआधी १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाईंनी न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या अमेरिकन संगीतकाराला भारतीय संगीत शिकवलं होतं. हे मी त्या दिवशी बोलू शकले नाही, म्हणून इथे लिहिते.

तेव्हा गोंगाट कसा साफ करायचा, याला माझं उत्तर: आधी तो कोणाचा आहे ते शोधा. गावात विचारा. मग पुसायचा की नाही ते ठरवा.

एक गोष्ट सांगायची राहिली, नाहीतर अर्धवट होईल. मुलाखतीखालची ५० हर्ट्झची विजेची घरघर, पंखा, एसी हे मी स्वतः रोज काढते. तिथे माणसाचे शब्द पोचायला हवेत. मी बोलतेय ते जागेच्या रेकॉर्डिंगबद्दल. आणि ठोकणीच्या जागी बसताना कान सांभाळा. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. काकांना इअरप्लग दिले होते, त्यांनी दोन दिवस घातले आणि काढून ठेवले. ज्यांचा आवाज घेता त्यांना विचारून घ्या आणि पैसे मिळाले तर त्यातला वाटा द्या. माझ्या १० हजारांतले ४ हजार काकांना दिले होते. पहाटे खाडीवर एकट्याने जाऊ नका, निदान घरी कोणाला सांगून जा.

माईकचं. सुरुवातीला लाखभराचा घेऊ नका. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत पिएझो चकती अगदी किरकोळ किमतीत मिळते. शिल्डेड वायर सोल्डर करा. मात्र ती साध्या माईक इनपुटला जोडलीत तर आवाज पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येईल. एक मेगाओहमच्या आसपासचा इनपुट हवा, गिटारचा चालतो. हवेतल्यासाठी प्रीमो ईएम २७२ कॅप्सूलची (कॅप्सूल म्हणजे माईकचा आवाज पकडणारा भाग) जोडी, त्यात स्वतःची सळसळ फार कमी असते. एक छोटा रेकॉर्डर आणि वाऱ्यासाठी फरचं कव्हर. सुरुवातीला तारीख, वेळ, जागा तोंडाने बोला. लेव्हल कमी ठेवा, पहिला घाव नेहमी जोरात बसतो. आणि हवं ते मिळालं असं वाटलं तरी लगेच बटण दाबू नका. त्या दिवशी तिसाव्या मिनिटाला माझं बोट स्टॉपवर होतं.