आधी त्याला फोन कर, मग प्रार्थनेला बस

प्रिय बाळा,
प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज रात्रीच वाचला होता, पण लगेच रिप्लाय केला नाही, हे असं दोन ओळीत उरकण्यासारखं नव्हतं. तू लिहिलंस की रोज सकाळी ठरवतो आज नीट वागायचं आणि संध्याकाळपर्यंत काहीतरी करून बसतो, आणि आता तर ऑफिसात स्वतःची चूक बरोबरच्या मुलावर ढकलली, त्याला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली, तू गप्प उभा राहिलास, आणि तेव्हापासून प्रार्थना होत नाही, तीन रविवार झाले उपासनेलाही गेला नाहीस. कुठल्या तोंडाने जाऊ, असं विचारलंस.

आहे त्याच तोंडाने जा. आधी स्वतःला स्वच्छ करतो आणि मग देवाकडे जातो हा विचार खूप भक्तीचा वाटतो पण तो चुकीचा आहे, आणि मी यात माझी बरीच वर्षं घालवलीत म्हणून एवढं ठासून सांगते.

नीतिमान म्हणजे ज्याच्यावर एकही डाग नाही असं आपण धरून चालतो. बायबलमधलं नीतिसूत्रे 24:16 काढून बघ. नीतिमान सात वेळा पडला तरी पुन्हा उठतो असं तिथे आहे, म्हणजे पडणाऱ्यालाच नीतिमान म्हटलंय. प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, पत्र लिहिलं तेव्हा तो बंदिवासात होता, ख्रिस्ताच्या मागे येऊन कितीतरी वर्षं झालेली, मंडळ्या उभ्या केलेल्या, मार खाल्लेला, आणि तरी तिसऱ्या अध्यायात तो म्हणतो की मी अजून पोचलो नाही, मी मागे लागलोय. पण त्याच्या आधीच, 9 व्या वचनात, त्याने सांगून टाकलंय की मोशेचं नियमशास्त्र पाळून मिळवलेलं स्वतःचं नीतिमत्त्व मला नको, ख्रिस्तावरच्या विश्वासाने देव देतो ते हवं. हा क्रम लक्षात ठेव. देवाने आपल्याला स्वीकारलंय म्हणून आपण चांगलं वागायला धडपडतो. स्वीकारावं म्हणून धडपडलं की तुझ्यासारखं होतं, एक दिवस बिघडला की सगळंच सोडून द्यावंसं वाटतं.

येशूच्या शिष्याचं, पेत्राचं बघ. त्याने येशूला नाकारलं तेव्हा अंगणात कोळशाचा विस्तव होता, थंडी होती, लोक शेकत उभे होते आणि हाही त्यांच्यात शेकत उभा होता (योहान 18:18). पुढे 21 व्या अध्यायात येशू मेलेल्यांतून पुन्हा उठल्यावर समुद्रकाठी शिष्यांसाठी मासे भाजतो, आणि तिथेही कोळशाचाच विस्तव आहे. मूळ ग्रीकमधला तो शब्द सगळ्या नव्या करारात फक्त या दोनच ठिकाणी आलाय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक तसंच उघडं ठेवून बसले होते. तोच वास, तोच धूर, आणि तीनदा नाकारलेल्याला तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. जखम झाकून ठेवली नाही, पण त्याला हाकलूनही दिलं नाही, उलट मेंढरं सांभाळायला दिली.

आता जरा कडू बोलते. देवाने क्षमा केली म्हणजे त्या मुलाशी तुझा हिशोब मिटला असं नाही. जक्कय हा लोकांना लुबाडणारा जकातदार, त्याच्या घरी येशू स्वतःहून गेला, अट न घालता गेला, आणि मग जक्कय उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. नियमशास्त्रात अशा माणसाने घेतलेलं परत करून वर पाचवा हिस्सा द्यायचा होता (लेवीय 6:5). हा चौपट म्हणतोय, कोणी मागितलेलं नसताना.

मी एका नोकरीत असताना प्रवासखर्चाची बिलं वाढवून लावायचे. सगळेच लावायचे. एकदा पाप कबूल करायच्या प्रार्थनेत डोळ्यांसमोर ते बिलच आलं, माझ्याच अक्षरात 3 चा 8 केलेला. घरी येऊन रडले, देवाकडे माफी मागितली, बरं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी अकाउंट्सच्या टेबलापुढून जाताना पुन्हा पोटात गोळा. असं कितीतरी आठवडे. शेवटी पैसे पाकिटात घालून गेले आणि सांगितलं. त्या बाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या, मग पावती फाडली. बोलणी खाल्ली, प्रमोशनही हुकलं, ते खोटं सांगत नाही. पण त्या रात्री प्रार्थनेला बसले तेव्हा शब्द शोधावे लागले नाहीत.

मत्तय 5:23-24 तुला पाठ असेल, वेदीपाशी अर्पण तसंच ठेवून आधी भावाशी समेट कर. आपण नेमकं उलटं करतो, देवाशी बोलून मोकळे होतो आणि माणसाला टाळतो, कारण देव चारचौघात काही बोलत नाही ना.

मोबाईल, मित्र, रात्रीची जागरणं याबद्दल तू लिहिलंयस, त्यावर भेटलो की बोलू. तुझं खरं दुखणं ते नाही. एवढंच कर की रोज रात्री झोपताना दिवसातली एक गोष्ट नाव घेऊन कबूल कर, "मी पापी आहे" असं मोघम नको, "दुपारी मी खोटं बोललो" असं. आणि पुढे कधी सलग काही महिने चांगले गेले तर लूक 18 मधला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धार्मिक यहुदी, आठव, दुसऱ्याकडे बघून "मी त्याच्यासारखा नाही" म्हणणारा. मला तुझ्या पडण्यापेक्षा त्या दिवसाची जास्त काळजी वाटते.

उद्या ऑफिसला जायच्या आधी त्या मुलाला फोन कर. "पण माझ्यावर प्रेशर होतं" वगैरे लावू नकोस, चूक माझी होती एवढंच म्हण, आणि साहेबांना मी स्वतः सांगतो म्हण, आणि सांग. तो चिडला तर चिडू दे, त्याचा हक्क आहे. मी सकाळी सहाला तुझ्यासाठी प्रार्थनेला बसणार आहे. काय झालं ते कळव, आणि त्याने फोन उचलला नाही तरी कळव.

तुझी,
काकू