बी.कॉम. सोडून पत्रकारितेला जाऊ का?

प्रश्न : मी माजलगावची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. हर्षद मेहताच्या शेअर घोटाळ्यावरची ‘स्कॅम 1992’ मालिका पाहिल्यापासून सुचेता दलाल यांच्यासारखी पत्रकार व्हायचंय. आजोबांची ठेवही एका मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत काम करणाऱ्या) पतसंस्थेत अडकली आहे. आत्ताच शिक्षण बदलू का? पप्पा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे.

उत्तर : बी.कॉम. सोडू नकोस. तुला करायची आहे त्या पत्रकारितेचं भांडवल तेच आहे.

पहिल्याच भागात स्टेट बँकेतला माणूस वर्तमानपत्राच्या कचेरीत येऊन 500 कोटींचा घोळ सांगतो, आठवतं? बँका आपसात सरकारी रोखे (सरकारला दिलेल्या कर्जाचे कागद) विकताना रोख्यांऐवजी नुसती ‘बँक रिसीट’, म्हणजे रोखे नंतर देऊ अशी पावती, देत. बँक ऑफ कराडसारख्या बँकांनी तर हाती रोखे नसतानाच या पावत्या फाडल्या. ज्याला हा व्यवहार कळत नाही, त्याच्या टेबलावर कुणी कागद आणून ठेवले तरी बातमी होत नाही. या घोटाळ्याची दलाल यांची बातमी 23 एप्रिल 1992 ला छापून आली. त्यांची पदवी संख्याशास्त्राची, पुढचं शिक्षण कायद्याचं. (आणि हो, कागद चाळताना मागे पार्श्वसंगीत वाजत नाही. बहुतेक दिवस कंटाळवाणेच जातात.)

पप्पांची काळजी मात्र खोटी नाही. आपल्याकडे तालुका वार्ताहराचं मानधन तुटपुंजं, वर जाहिराती आणायचं काम त्याच्याच गळ्यात. ज्या चेअरमनच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आणायची, त्याच्याच संस्थेतल्या थकबाकीवर तो काय लिहिणार? म्हणून जिल्ह्याबाहेर, अर्थविषयक पानावर काम मिळेल इतकी तयारी कर. इंग्रजी त्यासाठी लागेलच.

सुरुवात घरातून कर. आजोबा सभासद असतील तर वार्षिक सभेचा अहवाल कुठल्यातरी पिशवीत सापडेल. फोटो आणि मनोगतं सोडून थेट ताळेबंदावर ये. थकीत कर्ज वर्षागणिक किती वाढलं? संचालकांना, त्यांच्या नातेवाइकांना किती कर्ज दिलं? लेखापरीक्षकाचे शेरे कोणते, आणि पुढच्या वर्षी तेच शेरे पुन्हा आलेत का? मग व्यवस्था समजून घे. साध्या पतसंस्थेवर सहकार खात्याच्या उपनिबंधकाची देखरेख असते, मल्टिस्टेटचा कारभार दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो. कितीतरी ठेवीदारांना हे संस्थेला कुलूप लागल्यावर कळतं. ठेवीदारांच्या संरक्षणाचा राज्याचा 1999 चा कायदाही वाच; आजोबांनाही त्याचा उपयोग होईल.

पदवीनंतर छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या विद्यापीठात पत्रकारितेचं पदव्युत्तर शिक्षण घेता येईल. बँकेच्या परीक्षाही खुशाल दे. निवड झाली आणि दोन-तीन वर्षं कर्ज विभागात बसायला मिळालं, तर कर्जाच्या फायली आतून कशा फिरतात ते कळेल. मात्र तिथं हाती आलेली ग्राहकाची माहिती बाहेर नेता येत नाही, एवढं लक्षात ठेव.