बंदुकीबद्दल बोलायचं ते कधी?

अमेरिकेत मुलं-नातवंडं असलेल्या वाचकांचे प्रश्न बरेच दिवस साठले होते. त्यातले तीन घेतो, आणि एक कोल्हापूरचा.

प्रश्न : शाळेत गोळीबार झाला की चार दिवस चर्चा होते, मेणबत्त्या लागतात, मग सगळं शांत. त्या चर्चेतून निष्पन्न काय होतं? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

सर, चारच दिवस होते हीच तर माझी तक्रार आहे. गप्प बसण्याचा प्रयोग अमेरिकेने करून पाहिलाय. 1996 साली तिथल्या संसदेने खासदार जे डिकी यांच्या नावाची 'डिकी दुरुस्ती' आणली. सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने आपला निधी बंदूक-नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरायचा नाही, असं त्यात म्हटलं होतं. संशोधनाला बंदी असा शब्द कुठेही नव्हता. पण त्याच सुमारास 26 लाख डॉलर कापले गेले आणि अधिकाऱ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. वीसहून अधिक वर्षं या विषयावरचं सरकारी संशोधन जवळपास ठप्प होतं. गंमत म्हणजे 2012 मध्ये खुद्द डिकी यांनीच, एकेकाळी ज्यांच्याशी भांडले त्या सीडीसीच्या मार्क रोझेनबर्ग यांच्याबरोबर लेख लिहून संशोधन व्हायला हवं असं मांडलं. 2020 च्या अर्थसंकल्पात अखेर अडीच कोटी डॉलर मिळाले.

कायद्याचंही तसंच. डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूकच्या शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं गेली, तरी देशपातळीवर काही झालं नाही. कायदा झाला तो जून 2022 मध्ये, टेक्सासमधल्या उवाल्डेच्या शाळेत 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्यावर. आता 21 वर्षांखालच्या खरेदीदाराची अधिक कसून चौकशी होते. मधली साडेनऊ वर्षं सँडी हूकचे काही पालक दारोदार फिरत होते. ते थकून घरी बसले असते, तर 2022 चा कायदाही झाला नसता असं मला वाटतं.

प्रश्न : नात न्यू जर्सीत शाळेत जाते. फोनवर 'लॉकडाऊन ड्रिल'च्या, म्हणजे शाळेत बंदूकधारी शिरला तर दारं लावून लपायच्या सरावाच्या गोष्टी सांगते. रात्री डोळा लागत नाही. (आजी, पुणे)

आजी, काळजी रास्त आहे, पण ती थोडी भलत्या दाराशी बसली आहे. 2023 मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे 46,700 माणसं गेली. त्यातल्या 27 हजारांहून अधिक आत्महत्या होत्या. शाळांमधल्या सामूहिक गोळीबारांचा वाटा फार लहान. पण टीव्हीवर दिसतो तो तेवढाच! घरातल्या खोलीत एकटं कुणी गेलं तर त्याची बातमी होत नाही, म्हणून चर्चाही होत नाही.

आणि इथेच सर्वांत जास्त करण्यासारखं आहे. टोकाचा विचार बहुधा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. तेवढा वेळ हाताशी बंदूक नसेल तर माणूस वाचतो. इस्रायलच्या सैन्याने 2006 मध्ये शनिवार-रविवारच्या सुट्टीवर जाणाऱ्या सैनिकांना बंदुका तळावरच ठेवायला लावल्या आणि सैनिकांच्या आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. कुणाचं मतपरिवर्तन केलं नाही, भाषण दिलं नाही. फक्त बंदूक दूर ठेवली.

नात ड्रिलबद्दल बोलेल तेव्हा 'असलं अभद्र बोलू नये' म्हणून तिचं तोंड बंद करू नका. ऐकून घ्या. आणि मुलाला सांगा, ओळखीत कुणी खचलेलं दिसलं तर अमेरिकेत 988 हा मदतीचा क्रमांक आहे.

प्रश्न : मुलगी मैत्रिणीकडे खेळायला जाते. त्या घरी बंदूक आहे का, हे विचारणं बरं दिसेल का? (आई, टेक्सास)

दिसेल. कुत्रा आहे का, तलाव आहे का, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, हे सांगता-विचारता ना, त्याच दमात विचारा : 'घरात बंदूक असेल तर ती कुलपात असते ना? गोळ्या वेगळ्या ठेवता ना?' तिथले बालरोगतज्ज्ञही हेच सुचवतात. उत्तर गुळमुळीत आलं तर त्या मैत्रिणीलाच आपल्या घरी बोलवा.

प्रश्न : हे अमेरिकेचं दुखणं. आपण का उगाळायचं? (वाचक, कोल्हापूर)

कोल्हापूरकर असून हे विचारता? 16 फेब्रुवारी 2015 ला गोविंद पानसरे आणि उमाताई सकाळी फिरून येत होते, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. त्याआधी 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात ओंकारेश्वर पुलावर नरेंद्र दाभोलकर.

आपल्याकडे परवाना मिळणं अवघड आहे, हे चांगलंच. 2019 च्या दुरुस्तीने परवानाधारकाकडच्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या आणि वरातीतल्या हवेतल्या बारालाही शिक्षा ठेवली. गावठी कट्ट्याला मात्र परवाना लागतो कुठे!

दाभोलकरांनंतर कार्यकर्ते दर महिन्याच्या 20 तारखेला त्या पुलावर जमत राहिले. वर्षंच्या वर्षं. येणारे-जाणारे 'अजून तेच?' अशा नजरेने बघत पुढे जात. मे 2024 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली. तिघे निर्दोष सुटले.