'हातात कला नाही' म्हणणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रविवार मोकळा असतो, रंगवावंसं मनापासून वाटतं, पण 'माझ्या हातात कलाच नाही' म्हणत रंगांच्या दुकानाच्या दारातून परत फिरतेस, हे वाचून जीव हळहळला. हे वाक्य आपल्याकडे फार कोवळ्या वयात मनात बसतं. शाळेतल्या एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र ठरलेल्या वेळात उरकायचं, आणि 'सी' श्रेणी हाती आली की मूल धरून चालतं, आपला आणि चित्रांचा संबंध संपला. त्या परीक्षेनं गावोगावच्या मुलांच्या हाती ब्रश दिला, याबद्दल मला तिच्याविषयी आदरच आहे. पण शाळेतल्या एका श्रेणीवर उभा जन्म काढायचा का?

तुला चित्रं विकायची नाहीत की त्यावर पोट भरायचं नाही. मग गुण आहेत की नाहीत, हा हिशेब आधी कशाला? गळा गोड नाही म्हणून आपण गणपतीत आरती म्हणायचे थांबत नाही. रंगवताना जो तास-दीड तास आपण एका वस्तूकडे टक लावून बघतो, तो तास चांगला जातो. छंदाला एवढं कारण पुष्कळ झालं.

आता कामाचं. चित्र चुकतं ते बहुतेक वेळा हातामुळे चुकत नाही. समोरची वस्तू न बघता डोक्यात असलेली वस्तू आपण काढतो, म्हणून चुकतं. करून बघ. घरातला पितळी तांब्या खिडकीशी ठेव, वरचा दिवा बंद कर, उजेड एकाच बाजूनं येऊ दे. चिंचेनं घासून लख्ख करू नकोस, थोडा काळवंडलेला सुरुवातीला सोपा जातो. तांब्याचं तोंड काढताना नवी माणसं दोन्ही बाजूंना टोक काढतात. तिथे टोक नसतं, कड वळून मागे जाते. बूड मात्र सरळ रेघेनं काढतात, कारण तांब्या टेबलावर सपाट बसलाय हे ठाऊक असतं. पण तू वरून बघते आहेस. म्हणजे बुडाची कडही गोलाईनं वळलेली दिसणार, तोंडापेक्षा जरा जास्तच. मग डोळे बारीक करून बघ. नक्षी, ओरखडे, डाग सगळं मागे पडेल आणि उजळ, मधला, गडद असे तीनच भाग उरतील. तेवढे तीन पेन्सिलीनं भर. सगळ्यात झगझगीत ठिपका पुष्कळदा सगळ्यात काळ्या पट्ट्याला लागूनच असतो, आणि पोटाच्या खालच्या बाजूला टेबलक्लॉथचा रंग उतरलेला असतो. इतकी वर्षं त्याच तांब्यातून पाणी प्यालीस, पण तो रंग कधी पाहिला होतास?

पेन्सिलीत थोडी रुळलीस की जलरंग घे. पैसे खर्च करायचे ते कागदावर. वहीचा पातळ कागद पाणी लागताच फुगतो, खळग्यांत रंग साचतो, आणि दोष तू स्वतःला देतेस. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, जलरंगाचा मोठा ताव आणून त्याचे आठ तुकडे कर. रंग विद्यार्थ्यांसाठी मिळतात तेच चालतील. लेमन यलो (पिवळा), क्रिमसन (गडद लाल), अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एवढ्या चार ट्यूबांत बरंच काही निघतं. काळा घेऊच नकोस. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून बघ: निळा जास्त पडला तर आषाढातलं आभाळ, तपकिरी जास्त पडला तर जुन्या वाड्याची भिंत. असा जिवंत करडा काळ्याच्या ट्यूबमधून येत नाही. पांढराही सध्या नको, कोरा सोडलेला कागद हाच आपला पांढरा. ब्रश एक जाड गोल, ओला केल्यावर नीट टोक धरणारा, आणि एक बारीक.

ओला रंग वाळला की फिका पडतो, म्हणून लावताना वाटतो त्याहून थोडा गडद लाव. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा पाण्याचा ब्रश फिरवलास की वेडीवाकडी कड असलेला डाग उठतो. तिथे हात आवरायचा. पावसाळी हवेत कागद वाळता वाळत नाही, मग चहा ठेवावा. मी पाहिलेल्या नवशिक्यांची चित्रं गुणांच्या अभावापेक्षा घाईनं जास्त बिघडलेली आहेत. फोनवरच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओत हा वाळण्याचा वेळच कापून टाकलेला असतो, म्हणून ते बघून मन खट्टू करून घेऊ नकोस.

उशीर झाला असंही लिहिलंयस. रवींद्रनाथ साठी ओलांडल्यावर चित्रांकडे वळले. कवितांच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता त्यांतून पक्षी, चेहरे, चमत्कारिक प्राणी उमटू लागले, आणि १९३० साली पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. प्रदर्शनाचा भाग सोडून दे, तो माणूसच वेगळा. खोडलेल्या ओळीतून पुढे काय निघतं ते त्यांनी बघितलं, तेवढं उचल. पसरलेल्या रंगाशी तुलाही तसं वागता येईल.

आणि अस्सल चित्रं बघत जा. मुंबईत काळा घोड्याजवळचं जहांगीर कलादालन १९५२ पासून उभं आहे, आत जायला पैसे पडत नाहीत, आणि पुष्कळदा चित्रकार स्वतः तिथे बसलेले असतात. न बुजता विचार, हा कागद कुठला, हा हिरवा कसा केला. कोल्हापूरला गेलीस तर चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालय चुकवू नकोस. पडद्यावर एवढं नाव कमावलेला हा नट निसर्गचित्रांत रमून गेला होता. चित्रांच्या अगदी जवळ जाऊन बघ. रंगाखालची पेन्सिलीची रेघ, मध्येच बदललेला बेत, ब्रश टेकून उचलल्याची खूण, हे छापील चित्रात दिसत नाही.

क्लास लावू का, असं विचारतेस. दोन-तीन महिने थांब. आधी घरातल्या वस्तू काढ. काय अडतंय ते नेमकं कळलं की मग शिकवणाऱ्याला विचारायला प्रश्न असतील. सुरुवातीची चित्रं सगळ्यांना दाखवत फिरू नकोस, पण फाडूही नकोस. प्रत्येकाच्या मागे तारीख आणि कुठले रंग मिसळले ते पेन्सिलीनं लिहून ठेव. दिवाळीला इकडे येशील तेव्हा गठ्ठा घेऊन ये, न आवडलेल्यांसकट. ओसरीवर मांडून बघू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं चढायच्या आत नदीवर रंगवायला बसू. कागद मी आणून ठेवतो.

तुझा,
चित्रकलेचा मास्तर